विराबिनचा हजारावा गोल

पहिलंच सांगून टाकते, मला फुटबॉल, म्हणजे आमचा ऑस्ट्रेलियातला लांबट चेंडूचा, आवडायचा नाही. नवऱ्याला आवडायचा. लेस दर शनिवारी पांढरा कोट चढवून, हातात दोन झेंडे घेऊन गोलच्या खांबांमागे उभा राहायचा आणि मी गाडीत बसून विणकाम करायचे. अठ्ठ्याहत्तर साली लेस गेला. पुढच्या एप्रिलमध्ये क्लबचा अध्यक्ष हर्ब डॉब्सन माझ्या दारात टोपी हातात घेऊन उभा. प्रत्येक क्लबने आपापला एक गोल-पंच द्यायचा असतो, आणि अख्ख्या विराबिनात एकही पुरुष तयार होईना. पुरुषांना थंडी वाजते, पाऊस लागतो, आणि झेंडा चुकला तर शिव्या खाव्या लागतात त्या वेगळ्या. "नोला, कोट घरातच असेल ना?" हर्ब म्हणाला. कोट घरातच होता. बाह्या दुमडल्या आणि गेले.

काम तसं सोपं. पायाने मारलेला चेंडू मधल्या दोन उंच खांबांमधून गेला की गोल, सहा गुण, दोन झेंडे. बाजूच्या बुटक्या खांबापर्यंतच्या जागेतून गेला की एक गुण, एक झेंडा. आणि मधून जाताना वाटेत कुणाचं नुसतं बोट लागलं तरी एकच. जगातली सगळी भांडणं त्या बोटावरून. तुम्ही कोणत्या क्लबाकडून आलात हे कोट घातल्यावर विसरायचं. टाळी वाजवायची नाही, हसायचं नाही, हळहळायचं नाही. हे मला छान जमलं. लेस गेल्यापासून मला कुणाशी बोलायचंच नव्हतं, आणि इथे तर न बोलण्याचंच काम होतं.

त्याच वर्षी केल्विन पोलनर आमच्याकडून खेळायला लागला. एकोणीस वर्षांचा, गव्हाच्या शेतावरचा, खांदे दाराएवढे आणि डोक्यात हवा. फुलफॉरवर्ड होता. म्हणजे गोलच्या तोंडाशी थांबायचं, चेंडू आला की सगळ्यांच्या डोक्यावरून उडी मारून झेलायचा आणि खांबांमधून मारायचा. बाकीचे सतरा जण आपल्याला चेंडू आणून द्यायलाच जन्माला आलेत अशी केलची पक्की समजूत होती.

तिसऱ्याच सामन्यात मी त्याचा एक गोल नाकारला. समोरच्या खेळाडूचं नख चेंडूला लागलं होतं. मला टिच् असं ऐकू आलं, आणि मी एक बोट वर केलं. केल तावातावाने माझ्या तोंडाशी आला.

"म्हातारे, डोळे घरी ठेवून आलीस का?"

मी तेव्हा सेहेचाळीसची होते. म्हटलं, "डोळे इथेच आहेत. कानही आहेत. तू जीभ घरी ठेवून आला असतास तर बरं झालं असतं."

दोन महिने तो माझ्याशी बोलला नाही. मला काही फरक पडला नाही.

गोल मात्र तो करायचा. वर्षाला ऐंशी, नव्वद. मैदानाभोवती गाड्या लावून बसलेलं गाव प्रत्येक गोलला भोंगे वाजवायचं, आणि केल दोन्ही हात पसरून ते अंगावर घ्यायचा. तेविसाव्या वर्षी मेलबर्नच्या एका मोठ्या क्लबने त्याला बोलावून नेलं. गावाने मोठी मेजवानी दिली. वर्षभरात तो परत आला. राखीव संघातून सहा सामने, बस, एवढंच झालं होतं. आमच्या लोकांना मायेचं बोलता येत नाही. कुणीही मेलबर्नचं नाव काढलं नाही, सगळ्यांनी त्याला फक्त तिकडे पाऊस किती झाला ते विचारलं.

मग शहाऐंशी साली त्याचा गुडघा गेला. पूर्ण मोसम खेळायचं नाही, डॉक्टरांनी बजावलं. घरी बसवेना म्हणून तो शनिवारी खुर्ची घेऊन यायचा आणि माझ्या मागे, कुंपणाच्या पलीकडे टाकून बसायचा. सुरुवातीला नुसता धुमसत असायचा. आमच्या पोरांनी चेंडू दवडला की तोंडातल्या तोंडात शिव्या.

"शिव्या ऐकू येतात मला," मी मागे न बघता म्हणायचे.

"कुंपणापलीकडून?"

"कुंपणापलीकडून."

एक दिवस म्हणाला, "नोला, इथून खेळ वेगळाच दिसतो गं."

"हं."

"मी कसा दिसायचो इथून?"

"हावरट," मी म्हटलं.

मला वाटलं, आता खुर्ची उचलून जाईल. तो हसला.  त्या मोसमात त्याने जे पाहिलं ते मी आठ वर्षं दर शनिवारी पाहत होते: मधला एकजण हात वर करून चेंडू मागत असतो, सगळे त्याच्याकडे पाहतात, आणि दहा पावलांवर दुसरा पोरगा अगदी मोकळा उभा असतो. त्याच्याकडे कुणीच बघत नाही.

पुढच्या वर्षी तो खेळायला आला तेव्हा चेंडू झेलायचा आणि त्या मोकळ्या पोराला देऊन टाकायचा. कधी तर चेंडू येण्याआधी भलत्याच दिशेला धावत सुटायचा, म्हणजे त्याला धरून ठेवणारे दोघे मागे धावतील आणि गोलसमोर जागा होईल. त्याचे गोल नव्वदवरून पन्नासावर आले. गाव हळहळलं, गुडघ्याने पोराला अर्धा केला म्हणून. त्यापुढच्या चार वर्षांत आम्ही दोनदा विजेतेपद जिंकलो, पण ते त्याच्यामुळे असं म्हणायचं कुणाला सुचलं नाही. मला सुचलं होतं. मी कोटात होते.

तेव्हापासून आमचं बोलणं सुरू झालं. चेंडू पलीकडच्या टोकाला असला की फुलफॉरवर्डला काही काम नसतं आणि मलाही नसतं. तो माझ्याकडे पाठ करून उभा राहायचा, मी समोर बघत उभी, आणि त्या दोन-चार मिनिटांत आमची आयुष्यं बोलून व्हायची. मेंढ्यांचा भाव, माझं कंबरदुखणं. त्याची बायको शॅरन मुलीला घेऊन ॲडलेडला निघून गेली ते मला सामन्याच्या चारपैकी तिसऱ्या क्वार्टरमध्ये कळलं.

"कधी गेली?"

"मंगळवारी."

"मग आज खेळायला कशाला आलास?"

"तुला सांगायला," तो म्हणाला, आणि चेंडू आला म्हणून धावत सुटला. मला मूल नाही. हे वाक्य मी इथे का लिहिलं ते तुम्हाला कळलं असेल.

सत्त्याण्णव साली ठरलं की विराबिनचा क्लब बंद. शाळा आधीच गेली होती, बँक गेली होती, अठरा धडधाकट पोरं गोळा होईनात. पुढच्या मोसमापासून आम्ही शेजारच्या कार्लगाच्या क्लबात मिसळायचं. कार्लगा म्हणजे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिव्या घातल्या ते. शेवटचा सामनाही नेमका त्यांच्याशीच, आमच्या मैदानावर, ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी. आम्ही तळाला होतो, जिंकून काही मिळणार नव्हतं. पण केल सदतीस वर्षांचा होता आणि विराबिनकडून त्याचे नऊशे सत्त्याण्णव गोल झाले होते. तीन झाले तर हजार. त्या दिवशी नाही झाले तर कधीच नाही, कारण सोमवारपासून विराबिन नावाचा संघच असणार नव्हता.

मैदानाभोवती गाड्यांच्या तीन रांगा लागल्या. गाव सोडून गेलेली माणसं पर्थहून आली. असा मोठ्या आकड्याचा गोल झाला की मैदानात धावत सुटायचं असतं, ही आमची जुनी रीत. पोरं दुपारपासूनच कुंपणावर चढून बसली होती. पलीकडे कॅनोलाची शेतं पिवळीधमक फुललेली आणि वारा असा की डोळ्यांतून पाणी काढील.

पहिल्या क्वार्टरमध्ये केलने पलीकडच्या टोकाला एक गोल केला. दुसऱ्यात टोकं बदलली, तो माझ्याकडे आला आणि चाळीस मीटरवरून सरळ दुसरा मारला. मी दोन झेंडे हलवले. भोंग्यांनी कान बधिर झाले. नऊशे नव्याण्णव.

मग काही होईना. तिसरं क्वार्टर कोरडं गेलं. आमची पोरं वेड्यासारखी प्रत्येक चेंडू केलकडेच मारत होती, आणि कार्लगाला ते कळल्यामुळे तिघं त्याच्या अंगावर. शेवटच्या क्वार्टरमध्ये तो पुन्हा माझ्या टोकाला आला तेव्हा त्याचा गुडघा सुजून टम्म झाला होता. त्याला धरून ठेवायचं काम डीन रम्बोल्डचं होतं, कार्लगाचा बावीस वर्षांचा बचावपटू, चांगला पोरगा. चेंडू लांब असताना तो हळूच म्हणाला, "केल, पुढच्या वेळी मी घसरतो. तू झेल."

"घसरलास तर कानफटात मारीन," केल म्हणाला.

"तू नऊशे नव्याण्णव गोल मारलेस की. एकाने काय बिघडतं?"

"पुढच्या वर्षी तू माझ्या क्लबात असणार. आत्तापासूनच वाईट खेळायला शिकू नकोस."

मला हसू आलं. मी हसले नाही.

बारा-एक मिनिटं उरली असताना चेंडू उंच आला. सहा-सात जण एकदम उडाले, कुणालाच झेलता आला नाही, चेंडू खाली पडला. केलने तो उसळता उसळता डाव्या पायाने मारला, माझ्यापासून पंधरा पावलांवरून. डीनने अंग झोकून दिलं. चेंडू दोन उंच खांबांच्या बरोबर मधून माझ्या खांद्यावरून गेला.

टिच् ऐकू आलं. त्या गोंगाटातही स्पष्ट ऐकू आलं, आणि चेंडूची गिरकी बदललेलीही मी पाहिली.

भोंगे सुरू झाले होते. पोरं कुंपणावरून उड्या टाकून आत आली होती. मैदानावरचा पंच धावत माझ्याकडे आला, त्याला काही दिसलं नव्हतं. त्याने आधी डीनकडे पाहिलं. डीन आपल्या बोटाकडे बघत म्हणाला, "मला नाही वाटत लागला." मग पंच माझ्याकडे वळला.

"नोला, साफ गेला?"

मी केलकडे पाहिलं नाही. कुंपणापाशी शॅरन उभी होती, शेजारी त्यांची मुलगी, ती आता बापाएवढी उंच झालेली. मला पर्थहून आलेली माणसं दिसली. आणि खरं सांगायचं तर हे सगळं मी नंतर जुळवलं. त्या क्षणी माझ्या मनात एवढंच आलं, की या माणसाला मी आजवर काहीच दिलेलं नाही.

"साफ," मी म्हटलं.

दोन बोटं वर केली. दोन झेंडे उचलले आणि हलवले. पलीकडच्या टोकाच्या पंचानेही हलवले आणि लिहून घेतलं. गाव मैदानात उतरलं.

पोरांनी केलला चारी बाजूंनी धरलं होतं, म्हातारे त्याच्या पाठीवर थापा मारत होते. त्या गर्दीतून तो लंगडत, एकेकाला बाजूला सारत माझ्याकडे आला.

"नोला."

"अभिनंदन," मी म्हटलं.

"लागला होता."

"पंचाने विचारलं, मी सांगितलं. झालं. जा, तुला खांद्यावर घ्यायला थांबलेत सगळे."

"तुला ऐकू आलं."

मी झेंडे गुंडाळायला लागले.

"कुंपणापलीकडच्या शिव्या ऐकतेस तू. हे ऐकू आलं नाही?"

"केल, सोमवारी हा क्लब नसेल. कुणाचं काय जातंय यात?"

"माझं जातंय," तो म्हणाला. आवाज अजिबात चढवला नाही. "बाकीचे खरे कशावरून? मी मारले म्हणून? मारतात सगळेच. तू झेंडे हलवलेस म्हणून ते खरे. आता आजचा हा असा घेतला तर त्यांच्याकडे मी कसा बघू? आणि तुझ्याकडे?"

मला त्याचा राग आला. खरंच सांगते, संताप आला. अठरा वर्षांत मी कुणासाठी वाकडं पाऊल टाकलं नव्हतं, ते एकदा टाकलं, आणि तो ते मला परत करत होता.

"सगळं गाव मला फाडून खाईल," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. "चेंडू मध्यावर नेऊन खेळ पुन्हा सुरू झाला की मग बदलता येणार नाही. जा लवकर."

मी गेले. गर्दीतून वाट काढत, झेंडे काखेत धरून, चौसष्टाव्या वर्षी त्या चिखलात जवळजवळ धावत गेले. पंचाला म्हटलं, "माझी चूक झाली. बोट लागलं होतं. एकच गुण." त्याने दोनदा विचारलं, खात्री आहे का. मी दोनदा हो म्हटलं. परत जागेवर येऊन एक बोट वर केलं, एक झेंडा हलवला. आधी कुणाला कळलंच नाही. मग कळलं. तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आरडाओरडा नव्हता तो. शेकडो माणसं एकदम श्वास सोडतात तसं काहीतरी. त्यानंतर शिव्या सुरू झाल्या. त्या ओळखीच्या होत्या.

मैदान रिकामं करायला दहा मिनिटं गेली. उरलेल्या वेळात चेंडू केलकडे एकदाच नीट आला. त्याने झेलला, पन्नास मीटरवरून, वाऱ्याविरुद्ध मारला. चेंडू उजव्या खांबाला लागून परत आला. खांबाला लागला की एकच गुण. मी एक झेंडा उचलून हलवला. तो खांबाकडे बघून मान हलवत राहिला. मग शेवटचा भोंगा झाला.

खेळ संपल्यावर क्लबच्या खोलीत सगळे जमले. बायकांनी सॉसेज रोल आणि सूप केलं होतं. मी तिथे न जाता सरळ घरी गेले असते तर बरं झालं असतं, पण तसं करणं म्हणजे पळून जाणं. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. माझ्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. ज्या बाईच्या लग्नाचा केक मी केला होता ती माझ्यासमोरून सूप घेऊन पुढे गेली.

शेवटी हर्बला राहवलं नाही. दोन बिअर पोटात गेल्या होत्या. तो टेबलाशी येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला.

"नोला, मला एक सांग. बोट लागलेलं पाच मिनिटांनी ऐकू येतं का कुणाला? लागलेलं माहीत होतं तर आधी साफ कशाला म्हणालीस? आणि साफ होतं तर मग काढून का घेतलंस?"

सगळे माझ्याकडे वळले. दोन्हींपैकी एक खोटं होतंच, आणि हर्ब मूर्ख नव्हता.  मी खरं सांगायलाच तोंड उघडलं होतं, यावर तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका.

केल दोन ताटल्या घेऊन लंगडत आला. एक माझ्यापुढे ठेवली आणि शेजारच्या खुर्चीत बसला.

"तिला ऐकू आलंच नव्हतं, हर्ब," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही आलं ऐकू. मला दिसलं बोट लागलेलं, मी जाऊन सांगितलं तिला. तिने लगेच जाऊन चूक कबूल केली. दुसऱ्या कुणी केली असती का?"

"पण नोलाचे कान तर…"

"नोला बहिरी होत चाललीय," केल म्हणाला. "दोन वर्षं झाली. तिच्याकडे पाठ करून मी बोलतो तेव्हा मलाच कळतं ना. तुमच्यापैकी कुणी तिच्याशी बोलत नाही म्हणून तुम्हाला कळलं नाही, एवढंच. राग काढायचा तर माझ्यावर काढा. गोल माझा होता, मी सोडला."

केलवर कोण राग काढणार? कुणीतरी हसलं. कुणीतरी त्याच्यासाठी बिअर आणायला गेलं. हर्बचा चेहरा एकदम मऊ झाला, आणि तो खाली वाकून माझ्या कानात अगदी ओरडून म्हणाला, "सॉस हवाय का, नोला?"

सहा गुणांच्या खोट्यासाठी ज्याने जीव तोडून मला चिखलातून धावायला लावलं, तोच माणूस अख्ख्या गावादेखत धडधडीत खोटं बोलला होता, डोळ्याची पापणी न हलवता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो रोल खात होता. मला रडू येत होतं आणि ते मी सॉसवर खपवलं, तिखट आहे म्हणून. विराबिनचा सॉस कधीच तिखट नव्हता.

"हो, हवाय," मी हर्बला म्हटलं, आणि मग आठवण होऊन, "काय म्हणालास?"

केलने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. पुढच्या मोसमात तो नव्या क्लबातल्या पोरांना शिकवायला लागला, डीन रम्बोल्डलासुद्धा. गोल-पंच म्हणून कार्लगाचा एक माणूस नेमला, कमी ऐकणारी बाई खांबांमागे कशी ठेवणार? मार्चमध्ये हर्बने फोन करून ते सांगितलं. बिचारा घसा फोडून ओरडत होता, एकेक शब्द तोडून, मला वाईट वाटू नये म्हणून पुन्हा पुन्हा माफी मागत. मी फोन कानापासून हातभर लांब धरला, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, बरं.